तंबोऱ्याचा खर्ज आणि ५० हर्ट्झची भुणभुण : प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवते. मिरजेत तयार होणारे तंबोरे गिऱ्हाइकाकडे जाण्यापूर्वी एकदा नीट ध्वनिमुद्रित करायचे. प्रत्येक वाद्याची पट्टी (मूळ सूर), जवारी (घोडीवर तार घासून येणारी झणकार) आणि आसेची, म्हणजे छेडल्यानंतर रेंगाळणाऱ्या नादाची, लांबी त्या मुद्रणात राहिली पाहिजे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाच्या कागदावर वाद्याचा आवाज उमटत नाही, म्हणून हा उद्योग.

जागा म्हणजे आमच्या घराची मागची खोली. जुनं दगडी घर, भिंती जाड, रस्त्याचा आवाज जवळजवळ नाही. सामान असं: लॅपटॉप, दोन माइकचा ऑडिओ इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी पेटी), पॉवर्ड स्पीकरची जोडी, एक कंडेन्सर माइक, घोडीजवळ चिकटवायचा पिझो पिकअप (वाद्याची थरथर थेट उचलणारी चकती) आणि जुना दुसरा स्क्रीन. हा स्क्रीन अ‍ॅडॅप्टर लावून व्हीजीए केबलवर चालतो.

आज पहिला तंबोरा आला. बायकांच्या पट्टीचा, पांढरी पाचला (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या सुराला) लावलेला. तो बनवणाऱ्या चाचांनी स्वतः जुळवला, अर्धा तास जवारीचे दोरे सरकवत बसले होते. मुद्रण झालं, स्पीकरवर ऐकवलं, तर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "ताई, खर्जात काहीतरी पळतंय. माझ्या हाताखालून वाद्य गेलं तेव्हा हे नव्हतं." त्यांनी खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, तार पुन्हा तपासली, मणी हलवून पाहिला. तंबोरा समोर छेडला की स्वच्छ वाजतो, स्पीकरमधून आला की खर्ज हेलकावतो.

स्क्रीनवर वेगळीच तक्रार. चित्र पाण्याखाली ठेवल्यासारखं लहरतं, उभ्या रेषा वाकड्या होऊन थरथरतात.

९ फेब्रुवारी

चाचांचा कान बरोबर होता आणि वाद्यही निर्दोष होतं, हे आज आकड्यांनी दिसलं.

पांढरी पाच म्हणजे १९६ हर्ट्झचा षड्ज. खर्ज त्याच्या निम्मा, ९८ हर्ट्झ. आपल्या घरची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे विजेच्या भुणभुणीत ५०, १००, १५०, २०० असे स्वर येतात. खर्जाच्या ९८ शेजारी विजेचे १०० उभे राहिले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. पंचमाची तार १४७ ला, तिच्याशेजारी १५०, म्हणजे तीन हेलकावे. जोडीच्या तारा १९६ ला, शेजारी २००, म्हणजे चार. तंबोऱ्याच्या तारेत वरचे स्वयंभू स्वर भरभरून असतात आणि जवारी तर त्यांनाच फुलवते. म्हणून या पट्टीच्या वाद्याला ही भुणभुण, म्हणजे विजेचा हम, जागोजागी छेद देतो. काळी एकच्या तंबोऱ्याच्या खर्जात हाच हम असता तर निव्वळ घाण म्हणून कळला असता, हेलकावा म्हणून इतका ठळक नसता. भारतीय ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राखायची असते. ती त्यात जराशी सरकत राहते, म्हणून हेलकाव्याचा वेगही एकसारखा राहत नाही. "पळतंय" हा चाचांचा शब्द त्यालाच होता.

स्क्रीनची लहर याच कुळातली असावी. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो आणि वीज ५० ची. व्हीजीएच्या अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये वीज मिसळली, तर फरकाइतकी, म्हणजे सेकंदाला १० वेळा लहर दिसायला हवी. डोळ्यांना दिसणारी थरथर साधारण त्याच वेगाची आहे. रिफ्रेश, म्हणजे चित्र काढण्याचा वेग, ५० वर आणता आला असता तर लहर जवळपास जागच्या जागी थांबून हळूहळू सरकली असती. हा स्क्रीन ५० घेत नाही.

१० फेब्रुवारी

हम शोधताना सर्वांत आधी विचारायचा प्रश्न एकच: तो फाइलमध्ये आहे की फक्त स्पीकरमध्ये? हे न ठरवता केबली बदलत बसलं की पैसा आणि दिवस दोन्ही जातात.

तंबोरा बाजूला ठेवला, माइक आणि पिझो दोन्ही चालू ठेवून खोलीची नुसती शांतता मुद्रित केली. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कोणत्या वारंवारतेचा आवाज किती, याचा आलेख) काढला. त्यामागच्या एफएफटी या गणिताचा आकार ६५५३६ ठेवला, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला प्रत्येक घर पाऊण हर्ट्झपेक्षाही लहान पडतं आणि ९८ व १०० वेगवेगळे दिसतात. छोट्या आकारात ते दोन्ही एकाच ढिगाऱ्यात जातात.

निघालं ते असं:

माइकच्या ट्रॅकवर ५०, १५० आणि २५० वर टोकं. १०० जवळपास नाही.

पिझोच्या ट्रॅकवर ५० पासून थेट दोन-तीन किलोहर्ट्झपर्यंत कंगव्याच्या दातांसारखी रांग. हा हम नसून कर्कश बझ आहे.

आणि स्पीकरमधून ऐकू येणारा १०० चा ठळक स्वर दोन्ही फाइलींत तेवढा नाहीच. हेडफोन लावून तीच फाइल ऐकली तर खर्जाचा हेलकावा बहुतेक गेला.

म्हणजे तीन वेगळे हम, तीन वेगळ्या वाटांनी आलेले. एकाच उपायाने तिन्ही जाणार नाहीत.

११ फेब्रुवारी

आधी स्पीकरचा.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवला: हम कमी झाला, गेला नाही. चार्जर परत लावून स्क्रीनची व्हीजीए केबल लॅपटॉपमधून उपसली: हम जवळजवळ बंद. केबल परत लावली तर हम आणि स्क्रीनची लहर एकदम हजर.

कान आणि डोळा दोघांना त्रास देणारा प्रवाह एकच आहे, याहून स्पष्ट पुरावा नको.

व्हीजीए उपसलेली असताना स्क्रीनच्या धातूच्या पायाला बोटाची मागची बाजू लावली तर बारीक झिणझिण्या आल्या. इथेच हात थांबवला. हे काम आता वायरमनचं.

एका ओळखीच्यांनी फोनवर सुचवलं, स्पीकरच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाका, हम जातो. जातो हे खरं आहे. पण ती पिन अर्थिंगची. उद्या स्पीकरच्या आत फेज तुटून धातूच्या पत्र्याला टेकली, तर अर्थ असताना एमसीबी पडेल किंवा फ्यूज उडेल. अर्थ नसताना तो पत्रा २३० व्होल्ट घेऊन वाट पाहत राहील आणि पहिला हात लावेल त्याच्यातून जमिनीत जाईल. माझ्या खोलीत पोलादी आणि पितळी तारांच्या वाद्याला कुशीत घेऊन माणसं बसतात. हमसाठी अर्थ तोडायचा नाही, हे या नोंदवहीत ठळक लिहून ठेवते. तोडायचंच झालं तर ऑडिओ सिग्नलची वाट ट्रान्सफॉर्मरने तोडावी. त्यात आवाज पलीकडे जातो, धातूचा सांधा राहत नाही, आणि अर्थिंग जागच्या जागी असतं.

१४ फेब्रुवारी

वायरमनकाका आले. गेली तीसेक वर्षं याच गावात घरांचं वायरिंग करतात. आल्या आल्या मल्टिमीटर काढला.

खोलीत दोन बोर्ड आहेत. दाराजवळचा महावितरणच्या थेट लाइनवर, खिडकीजवळचा इन्व्हर्टरच्या लाइनवर. लॅपटॉप, इंटरफेस आणि स्पीकर दाराजवळ. स्क्रीन खिडकीजवळ, कारण टेबलाची ती बाजू तिकडे.

दाराजवळच्या बोर्डावर न्यूट्रल आणि अर्थमध्ये २ व्होल्टपेक्षा कमी. काका म्हणाले, "हे चांगलंय." खिडकीजवळच्या बोर्डावर स्क्रीन लावलेला असताना ११० च्या आसपास. काका काही न बोलता मेन बंद करून बोर्ड उघडायला लागले.

आत अर्थची हिरवी वायर होती, पण जोड नुसता पिळून काळ्या टेपने गुंडाळलेला. टेप सोडली तर तांबं काळं पडलेलं आणि पीळ सैल. तो बोर्ड अर्थला लागलेलाच नव्हता.

११० हा आकडा कुठून आला, हे समजून घेण्यासारखं आहे. स्क्रीनच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि अर्थ यांच्यामध्ये एक व न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये एक असे दोन छोटे कपॅसिटर असतात. रेडिओतला व्यत्यय कमी करण्यासाठी ते ठेवावेच लागतात. अर्थ तुटला की धातूचं अंग या दोघांच्या मधोमध लोंबकळतं आणि २३० च्या निम्म्यावर जाऊन बसतं. प्रवाह अगदी क्षीण, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्या क्षीण प्रवाहाला जमिनीत जायचंच असतं. त्याला वाट मिळाली ती अशी: स्क्रीनच्या अंगातून व्हीजीएच्या शील्डमध्ये, तिथून लॅपटॉपमध्ये, यूएसबीतून इंटरफेसमध्ये, इंटरफेसमधून स्पीकरच्या केबलच्या जाळीत आणि शेवटी स्पीकरच्या अर्थ पिनेतून दाराजवळच्या बोर्डात. माझी ऑडिओ केबल त्या बोर्डाची अर्थ वायर झाली होती. स्पीकरला साध्या मोनो केबल आहेत. त्यांत जाळी हीच सिग्नलची परतीची वाट. जाळीत वीज वाहिली की तिच्या दोन टोकांत जो सूक्ष्म फरक पडतो, तो सरळ आवाजात मिसळतो.

ही पिन कुणी काढली असती तर हम थांबला असता आणि स्क्रीनपासून इंटरफेसपर्यंत सगळं सामान त्या अर्ध्या व्होल्टेजवर तरंगत राहिलं असतं.

काकांनी तांबं घासून जोड नव्याने केला, बोर्डात अर्थचं टर्मिनल बसवलं आणि तिथून अखंड वायर मुख्य अर्थपर्यंत ओढली. मग परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्याकडे गेले. जीआय पाइप, मीठ आणि कोळसा घातलेला जुना खड्डा, वरचं झाकण मातीखाली गेलेलं. ते मोकळं केलं आणि दोन बादल्या पाणी घातलं. काळी माती सुकली की तिचा रोध चढतो, उन्हाळ्यात दर आठवड्याला पाणी घालायला सांगितलं.

अर्थ खरंच भार पेलतो का, हे पाहायला काकांकडे १०० वॉटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प आहे. फेज आणि अर्थमध्ये लावला की बल्ब पूर्ण उजेडाने पेटायला हवा. मल्टिमीटर सैल जोडातूनही व्होल्टेज दाखवतो, बल्बला मात्र ०.४३ अँपिअर लागतात आणि सैल जोड तेवढे देत नाही. आमच्याकडे आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नाही, म्हणून हे करता आलं. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असती तर बल्ब पेटायच्या आत तिने मेन पाडला असता. ही तपासणी वायरमननेच करायची. आणि आरसीसीबी बसवायचं आजच ठरलं.

बल्ब लख्ख पेटला.

१५ फेब्रुवारी

खिडकीजवळच्या बोर्डाचा अर्थ जुळल्यावर स्क्रीनची लहर बरीच मंदावली, हमही. पूर्ण गेलं नाही, कारण दोन बोर्डांचे अर्थ दोन वाटांनी मुख्य अर्थला जातात आणि मधे माझ्या केबलींची तिसरी वाट आहे. तो फेरा अजून आहेच, फक्त त्यातला प्रवाह घटला.

म्हणून सगळं सामान एकाच बोर्डावर आणलं. लोक घाबरतात की एका एक्स्टेन्शनवर इतकं कसं. हिशेब केला: लॅपटॉप ६५ वॉट, स्क्रीन ३०, स्पीकर जोडी १०० धरले, इंटरफेस यूएसबीवरच. सगळं मिळून २०० च्या आत, म्हणजे एक अँपिअरही नाही. ६ अँपिअरच्या सॉकेटला हे ओझं नाही. अट इतकीच की एक्स्टेन्शन चांगलं, तीन पिनचं, आतून अर्थ खरोखर जोडलेलं हवं.

स्पीकरच्या मोनो केबल काढून बॅलन्स्ड टीआरएस (तीन जोडांच्या पिनेच्या) केबल लावल्या. इंटरफेसच्या मागे बॅलन्स्ड आउटपुट पहिल्यापासून आहे, स्पीकरलाही तसं इनपुट आहे. यात सिग्नल दोन तारांवर उलटसुलट जातो, स्पीकर त्या दोघांतला फरक तेवढा घेतो आणि जाळीचं काम फक्त आडोशाचं उरतं. जाळीत थोडी वीज वाहिली तरी ती आवाजाच्या वाटेत येत नाही.

स्पीकरला कान लावला तरच आता बारीकशी शीळ लागते, ती अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची. हम नाही. स्क्रीन स्थिर.

चाचांना बोलावून आठ तारखेचीच फाइल ऐकवली. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "आता पंचमात थोडं आहे. खर्ज मोकळा झाला." माइकच्या ट्रॅकवरचे १५० हर्ट्झ त्यांना अजून ऐकू येतात.

१८ फेब्रुवारी

माइकचा हम.

५०, १५०, २५०: विषम पटीतले स्वर पुढे आणि १०० गायब. हा नमुना लोखंडी गाभ्याच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा असतो. माझ्या माइकच्या आउटपुटला आत छोटा ट्रान्सफॉर्मर आहे. चुंबकीय हम पकडणारी ती गुंडाळी. माइक स्टँडवर जागीच फिरवला तर हम कमीजास्त होतो, एका कोनात जवळजवळ मावळतो. केबलच्या जाळीचा दोष असता तर कोनाने फरक पडला नसता.

माइकमागची भिंत, आणि तिच्या पलीकडे जिन्याखाली आमचा इन्व्हर्टर. जाड दगडी भिंत आवाज अडवते, ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र नाही.

उपाय अंतर. अशा क्षेत्राचा जोर साधारण अंतराच्या घनाने उतरतो, म्हणजे अंतर दुप्पट केलं तर तो आठव्या हिश्श्यावर येतो. डेसिबलमध्ये १८. इतका मोठा फायदा फुकट देणारी गोष्ट ध्वनिमुद्रणात क्वचित सापडते. बसायची चटई, स्टँड, सगळं समोरच्या भिंतीकडे नेलं. माइकची केबलही विजेच्या वायरींना समांतर जाणार नाही, जिथे ओलांडायची तिथे काटकोनात ओलांडेल, अशी टाकली.

स्पेक्ट्रममध्ये १५० चं टोक खोलीच्या सळसळीत बुडालं.

२१ फेब्रुवारी

पिझोचा बझ सर्वांत चिवट, पण समजायला सोपा. पिझोचा रोध फार मोठा, त्यामुळे भोवतालच्या वायरींचं विद्युत क्षेत्र त्यात सहज शिरतं. वादकाने इंटरफेसच्या धातूच्या अंगाला बोट लावलं की बझ निम्म्याने पडतो, हात काढला की चढतो. माणसाचं शरीरच वीज उचलून पिकअपपर्यंत आणतं.

दातांची रांग इतक्या वरपर्यंत जाते, त्याला कारण पुढच्या खोलीतला पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. तो विजेची प्रत्येक अर्धी लाट मधूनच कापतो, आणि कापलेल्या कडेतून वरचे स्वर सुटतात. पंखा फुल्ल केला की रांग लहान होते, दोनवर ठेवला की सर्वांत वाईट. तो काढून कपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटर बसवला. चार-पाच पायऱ्यांपलीकडे वेग मिळत नाही, पण लाट कापली जात नाही.

पिझोची बारीक उघडी वायर बदलून जाळीची आखूड केबल लावली, पिकअपच्या मागे तांब्याची पट्टी चिकटवून ती जाळीला जोडली आणि वाद्यापासून हातभर अंतरावर डीआय बॉक्स (असा नाजूक सिग्नल इंटरफेसला जुळवून देणारी डबी) ठेवला. मोठ्या रोधाचा नाजूक सिग्नल जितका कमी फिरेल तितकं बरं. डीआयचा इनपुट १ मेगओहमचा आहे. त्याहून कमी घेतला तर खर्जाचं अंग हरवतं आणि तंबोरा पत्र्याचा वाटतो.

चाचांनी तांब्याची पट्टी पाहून एकच विचारलं, तबलीच्या (भोपळ्यावरच्या लाकडी पाटीच्या) पॉलिशला डाग पडणार नाही ना. मधे पातळ कापडी टेप घातली.

२४ फेब्रुवारी

व्हीजीएची झंझट कायमची सोडवायची म्हणून स्क्रीन एचडीएमआयवर घेतला. जुनी पाच मीटरची केबल घरात होती ती लावली. लहर उठायचा प्रश्नच नाही, डिजिटल सिग्नलला ५० हर्ट्झची लहर लागत नाही. पण दुपारी मुद्रण चालू असताना खुर्चीवरून उठले आणि स्क्रीन सेकंदभर काळा होऊन परत आला. तास-दोन तासांनी पुन्हा, पुन्हा उठतानाच.

गॅसच्या नळीवर खालीवर होणाऱ्या खुर्चीतून माणूस उठला की स्थिर विद्युत साठून ठिणगी पडते आणि त्या झटक्यातून सुटलेली लहर लांबलचक केबल अँटेनासारखी पकडते. एचडीएमआयचं दोन टोकांतलं बोलणं तुटतं, ते पुन्हा जुळेपर्यंत पडदा काळा. फेब्रुवारीतली कोरडी हवा याला पोषक. पावसाळ्यात हा दोष कदाचित दिसलाही नसता.

खात्री करायला उठण्यापूर्वी अर्थ असलेल्या धातूला हात लावून उठून पाहिलं: पडदा शाबूत. न लावता उठले: काळा.

दीड मीटरची चांगली केबल आणली आणि तिच्या दोन्ही टोकांना फेराइटचे (असा व्यत्यय शोषणारे) मणी लावले. मुद्रणाच्या वेळी खुर्ची खोलीबाहेर. तंबोऱ्याला चटईच बरी.

१ मार्च

आरसीसीबी बसली. काकांनी तिचं टेस्ट बटण माझ्याकडून दाबून घेतलं आणि महिन्यातून एकदा दाबायला सांगितलं.

संध्याकाळी मुद्रण चालू असताना लाईट गेली. इन्व्हर्टर पुढच्या खोल्यांना लागला, आमचा चौकोनी लाटेचा आहे, त्यामुळे पिझोवर पुन्हा दातांची रांग. लॅपटॉप आणि इंटरफेस बॅटरीवर चालूच होते. जिन्याखाली जाऊन इन्व्हर्टर बंद केला आणि घरातल्यांना अर्धा तास मेणबत्तीवर बसवलं. त्या अर्ध्या तासात जे मुद्रित झालं त्याचा स्पेक्ट्रम या घरातला आतापर्यंतचा सर्वांत स्वच्छ. यापुढे लाईट गेली तर काम थांबवायचं नाही, इन्व्हर्टर थांबवायचा.

४ मार्च

पांढरी पाचचा तोच तंबोरा पुन्हा मुद्रित केला. उद्या तो पुण्याला जाणार म्हणून आज शेवटचा दिवस. शांततेच्या भागात १०० हर्ट्झवर काही दिसत नाही, १५० वर काही नाही. खर्जाची आस सळसळीत मिसळेपर्यंत सरळ जाते, मधे हेलकावा नाही. चाचांनी स्पीकरवर एकदा आणि हेडफोनवर एकदा ऐकलं, मग मणी केसभर खाली घेऊन म्हणाले, "आता परत घ्या. आता माझीच चूक ऐकू येतेय, ती काढतो."

परत घेतलं. तेच मुद्रण ठेवलं.

पुढचा काळी चारचा आणि एक काळी एकचा, दोन्ही पुढच्या आठवड्यात सतारमेकर गल्लीतून येतील. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी दर रविवारी.